सीझन संपल्यानंतरचे महाबळेश्वर

महाबळेश्वर म्हटले की आपल्यासमोर सीझन उभा राहतो. पॉइंट, घोडे, चणे, मध, मक्याची कणसे, वेण्णा तलावातल्या होड्या आणि परतताना घेतलेली स्ट्रॉबेरीची खोकी. थंडीत एखाद्या पहाटे तलावाकाठी दव गोठले की 'महाबळेश्वरात हिमकण' अशी बातमी दरवर्षी छापून येते आणि आपल्यालाही जरा काश्मीरला जाऊन आल्यासारखे वाटते. आज मात्र मला सीझनबद्दल बोलायचे नाही. मृगाच्या आधी बाजार आवरायला लागतो तेव्हापासून दसऱ्यापर्यंतचे जे चार महिने, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. कारण या गिरिस्थानाच्या जवळजवळ दोनशे वर्षांत त्याच्या विकासाच्या जेवढ्या योजना झाल्या, त्या बहुतेक कोरड्या महिन्यांत आखल्या गेल्या. आखणारे पावसाच्या आधी खाली उतरले. योजनेची परीक्षा मात्र पावसाने घेतली.

आमचे घर वाईचे. आजोबांचे महाबळेश्वरच्या पेठेत किराण्याचे लहानसे दुकान होते. मे महिना सरत आला की ते दुकानाला झड्या बांधून घेत, उरलेला माल गाडीत घालून पसरणीचा घाट उतरत आणि नवरात्रानंतर पुन्हा वर जात. घरात 'वर' आणि 'खाली' एवढ्या दोन शब्दांत वर्ष मावत असे. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "आता वर काय असते हो?" ते म्हणाले, "वर पाऊस असतो." आणखी काही सांगण्यासारखे आहे असे त्यांना वाटले नाही.

झड्या हा शब्द सातारकरांना नवा नाही. सांगली-मिरजेकडच्या वाचकांसाठी सांगतो. महाबळेश्वरची जुनी घरे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सरळ न पडता पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येणारा. अशा पावसात भिंत उघडी राहिली तर ओल आतपर्यंत उतरते, गिलावा फुगतो, लाकूड कुजते. म्हणून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर डोंगरउताराचे उंच, जाड गवत थरावर थर बांधायचे आणि ही गवताची ढाल भिंतींना, व्हरांड्यांना, खिडक्यांना लावून टाकायची. झडीपासून वाचवते म्हणून ती झड. सगळे गाव असे गवतात गुंडाळून ठेवलेले दिसे. हे गवत कापणे, वाहणे, विणणे आणि बांधणे हे आसपासच्या वाड्यांतल्या माणसांचे काम. त्या मजुरीवर त्यांचा पावसाळ्याचा दाणागोटा भरला जाई. पुढे पत्रे आले, मग प्लास्टिकचे कागद आले. झड्या पूर्ण गेल्या नाहीत, पण कमी झाल्या. मला त्या आवडतात एवढे प्रामाणिकपणे सांगतो. पत्रा टिकाऊ आहे हेही मान्य करतो.

आता इतिहासाकडे वळू. क्षेत्र महाबळेश्वर फार जुने, कृष्णेच्या उगमाचे. त्याला सीझन कधीच नव्हता. देवाचा पुजारी बाराही महिने वरच असे. आपण ज्याला गाव म्हणतो ते गिरिस्थान मात्र एकोणिसाव्या शतकातले. १८२४च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या फौजेतला लॉडविक नावाचा अधिकारी हा डोंगर चढून आला. आज ज्याला लॉडविक पॉइंट म्हणतात, त्याचे नाव यावरून पडले. त्यानंतर साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज याने इथे घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्याहून इथवर गाडीरस्ता करवून घेतला. हा मुद्दा लक्षात ठेवा. गिरिस्थानाचे पहिले मोठे बांधकाम म्हणजे रस्ता, आणि तो साताऱ्याच्या खजिन्यातून झाला.

पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला. १८२८ मध्ये त्याने आजारी गोऱ्या सैनिकांना हवापालटासाठी इथे ठेवून पाहिले. प्रयोग बरा ठरला. मग १८२९ मध्ये करार झाला. वाई परगण्यातले खंडाळा गाव इंग्रजांनी महाराजांना द्यायचे आणि त्या बदल्यात डोंगरावरची ही जागा घ्यायची. नव्या पेठेला माल्कमपेठ हे नाव मिळाले. गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीच्या नावाने एका टेकडीला माउंट शार्लोट म्हणू लागले. व्यवहार कागदोपत्री चोख होता. ज्याने रस्ता केला, जागा दिली, लोकांना तिथे वस्तीला यायचे आवाहन केले, त्या प्रतापसिंहांना त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, गादीवरून काढून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेपर्यंत गेले. उपयोग झाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले. माल्कमपेठेचे नाव मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालले.

रस्ते, बाग, तटबंद्या कोणी केल्या, हा प्रश्न आपल्या पर्यटन पुस्तिकांना पडत नाही. १८३४च्या सुमारास इथे एक तुरुंग उभारला गेला. त्यात पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले जात. सव्वाशेच्या आतबाहेर माणसे मावतील एवढा तो होता. पेठेतले आणि गिरिस्थानातले रस्ते पुष्कळसे त्यांच्या हातचे. बटाटे आणि विलायती भाजीपाला त्यांनीच पिकवून साहेबांच्या टेबलावर पोहोचवला. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. चायनामन फॉल नावाचा धबधबा आजही दाखवतात. साहेब लोक हवेसाठी वर येत असत. ही माणसे हवेसाठी आली नव्हती. समुद्रापलीकडच्या उकाड्यातून उचलून या धुक्यात आणून टाकलेल्या त्या कैद्यांना पहिला पावसाळा कसा वाटला असेल, याचा विचार मी त्या धबधब्यापाशी नेहमी करतो.

आणखी एक माणसे होती, ती मूळची इथलीच. धावड. जांभ्या डोंगरातल्या दगडापासून लोखंड गाळणारा हा समाज. भट्टीला कोळसा लागे आणि कोळशाला झाडे. गिरिस्थान झाले, सावली आणि रान जपायचे ठरले, जंगलाचे कायदे आले, आणि धावडांच्या भट्ट्या थंडावल्या. झाडे वाचली ही गोष्ट खरी आहे आणि आज आपण जे रान पाहून खूश होतो त्याला ही बंदीही कारण आहे. पण एका पिढीचे कसब एका हुकुमासरशी निरुपयोगी झाले, हेही त्याच योजनेचे अंग होते. पर्यावरण आणि पोट यांचे भांडण आपल्याला आजचे वाटते. या डोंगरावर ते दीडशे वर्षांचे तरी आहे.

वेण्णा तलाव आपण मौजेचे ठिकाण समजतो. तो बांधवला प्रतापसिंहांच्या मागून गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये. आणि तो करण्याचे कारण होडी नव्हते. सहा हजार मिलिमीटर पावसाच्या गावाला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, हे ते कारण. पाणी येते तेव्हा माणसे नसतात आणि माणसे येतात तेव्हा पाणी उतरलेले असते, अशी इथली उलटी रीत. आजही महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना हाच तलाव पाणी देतो. आप्पासाहेब १८४८ मध्ये निवर्तले, दत्तकाचा वारसा नाकारून डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. राज्य गेले, तलाव राहिला. माझ्या मते या गिरिस्थानाच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणपणाची योजना आहे, कारण पावसाळ्याचा विचार करून केलेली ती पहिलीच.

दुसरी तशी योजना म्हणजे पाचगणी. महाबळेश्वराहून एकोणीस किलोमीटर पूर्वेला आले की पाऊस जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि घाट उतरून वाईला आले की आणखी कितीतरी कमी होतो. सह्याद्रीचा कडा ढगांना अडवतो आणि मागे जे उरते ते आपल्या वाट्याला येते. ही गोष्ट वाईच्या कुणब्याला कायमच ठाऊक होती. १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने ती हेरली. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नाही, तर बाराही महिने राहता येईल असे ठिकाण पाहावे, या हिशोबाने दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली जागा त्याने निवडली. त्याच्याबरोबर रुस्तमजी दुबाश नावाचे पारशी गृहस्थ होते. चेसनने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार बोलावून वसवले, त्यांना बाजाराखाली जागा नेमून दिली. ते आजचे गावठाण. सिल्व्हर ओकची झाडे त्याने लावली. पुढे तिथे निवासी शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी डॉ. बिलिमोरियांचे बेल एअर आरोग्यधाम निघाले. शाळा आणि रुग्णालय ही दोन्ही अशी कामे, की ज्यांना सीझन चालत नाही. पावसात बंद होणारे गाव आणि पावसात चालू राहणारे गाव यांच्यात फरक काय, तर बंद होणाऱ्या गावात नोकर असतात आणि चालू राहणाऱ्या गावात शेजारी असतात. हे वाक्य जरा कडक झाले, पण राहू द्या.

मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम महाबळेश्वरी आणि पावसाळी मुक्काम पुण्यात, हा क्रम एकोणिसाव्या शतकात बसून गेला. गव्हर्नर हलला की फायली हलत, कारकून हलत, संस्थानिक आणि व्यापारी त्यांच्या मागे येत. मुंबईहून येण्यासाठी आधी पुण्यावरून वळसा होता. मग गव्हर्नर फिट्झगेराल्डच्या नावाने महाडकडचा घाटरस्ता झाला, तो १८७६ मध्ये पुरा झाला. बोटीने दासगावला उतरायचे आणि तिथून घाट चढायचा. तोच आपला आंबेनळी घाट. पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनला उतरून टांग्याने येण्याची सोय झाली. सातारच्या द. ब. पारसनीसांनी १९१६ मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीत पुस्तक लिहिले तेव्हा ही सगळी व्यवस्था बहरात होती. पॉइंटांना नावे, बंगल्यांना नावे, क्लब, ग्रंथालय, चर्च. या काळाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, मी त्यात शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते असे, की या थाटाला एक विश्रांती ठरलेली होती. जूनच्या मध्यावर शेवटचा टांगा गेला की डोंगर चार महिने माणसांपासून सुटत असे. वाटांवर शेवाळ चढे, ओढे आपापल्या मार्गाने वाहत, पायाखाली दबलेली माती पुन्हा सैल होई. बंगल्यांचे माळी, पेठेतले मोजके दुकानदार, आसपासच्या वाड्यांतले कुणबी, कोळी, धनगर एवढेच वर उरत. त्यांना नाचणी, वरी आणि सरपण साठवून चार महिने काढावे लागत. त्यांचे हाल होत होते, त्यात रम्य काही नव्हते. पण कुठला ओढा कुठे फुटतो, कुठल्या कड्याची माती सरकते, कुठल्या उतारावर घर बांधू नये, हे त्यांना ठाऊक झाले ते याच महिन्यांत. ते कुठल्याही नकाशावर आले नाही. नकाशे काढणारे तेव्हा पुण्याला असत.

स्वातंत्र्यानंतर एस.टी. आली, मोटारी वाढल्या, आणि गेल्या तीन-चार दशकांत पावसाळी सहलीची हौस आली. धबधबे, धुके, भिजणे. हॉटेले बाराही महिने चालू लागली. पेठेतल्या माणसाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट झाली. आजोबांचे दुकान आज असते तर त्यांना खाली यावे लागले नसते. पण मोकळे चार महिने गेले ते गेलेच. दुरुस्ती, डागडुजी, बांधकाम यांना पूर्वी ठरलेला काळ होता. आता पर्यटक आणि सिमेंटचे मिक्सर एकाच रस्त्यावर एकाच वेळी असतात.

या वाढीला लगाम घालण्यासाठी केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. क्षेत्र १२३.९६ चौरस किलोमीटर. तीव्र उतार, झाडे, झरे, खाणी, बांधकामे यांबाबत नियम आले, देखरेखीला उच्चस्तरीय समिती आली. स्थानिकांत या नियमांविषयी रोष आहे आणि तो निव्वळ खोटा नाही. ज्याच्याकडे वकील आहे त्याचे हॉटेल उभे राहते आणि ज्याच्याकडे नाही त्याची गोठ्याशेजारची खोली अनधिकृत ठरते, असे वर राहणारी माणसे बोलतात. नियमांचा हेतू मात्र योग्य होता. तो नसता तर आज तिथे काय उरले असते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

पावसाने मधूनमधून आठवण करून दिलीच. २२ आणि २३ जुलै २०२१च्या दरम्यान चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सांगली-मिरजेला वर्षभरात साधारण जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि पुढे कित्येक दिवस बंद राहिला. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला आणि झोपेतली माणसे गाडली गेली.

सांगलीकरांनी हे दूरचे समजू नये. महाबळेश्वरच्या पूर्व उतारावर पडलेला थेंब कृष्णेतून धोमला, वेण्णेतून कण्हेरला, कोयनेतून शिवसागराला मिळतो. माहुली आणि कराडचे संगम ओलांडून अखेर तुमच्या आयर्विन पुलाखाली येतो. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाजवळ २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेले होते. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. महापुराला अनेक कारणे असतात: धरणांतला विसर्ग, मधल्या खोऱ्यातला पाऊस, नदीपात्रातली अतिक्रमणे. सगळा दोष डोंगरावर टाकणे बरोबर नाही. पण रानातली भुसभुशीत माती जे पाणी धरून ठेवते ते काँक्रीट धरून ठेवत नाही, यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आजोबा 'वर पाऊस असतो' म्हणाले होते. तो वरच राहत नाही एवढे मला वय झाल्यावर कळले.

आता या मालिकेतली नवी योजना. नवीन महाबळेश्वर. जुन्या गिरिस्थानावरचा भार हलका व्हावा, म्हणून शेजारच्या डोंगरांत नवे गिरिस्थान वसवावे हा विचार जुनाच. २०१९ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. नंतर क्षेत्र वाढले. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतील २३५ गावे, सुमारे साडेअकराशे चौरस किलोमीटर. एका बाजूला कास, तिथले पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. दुसऱ्या बाजूला कोयना अभयारण्य, जे चांदोलीसह २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मध्ये कोयनेचा जलाशय.

या योजनेला सरसकट विरोध करणे मला जमत नाही. या खोऱ्यातली घरे कोयना धरणाच्या पाण्याखाली गेली आहेत. या गावांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीचे काम करतात आणि घरात म्हातारी माणसे उरतात. आजारी बाईला होडीतून पलीकडे न्यावे लागणारी गावे इथे आहेत. त्यांना रस्ता हवा, दवाखाना हवा, घराजवळ काम हवे. शहरात बसून 'डोंगर जसा आहे तसा राहू द्या' म्हणणे सोपे आहे. पण १८२९च्या खंडाळ्याच्या अदलाबदलीची आठवण मनातून जात नाही. जमिनीचे भाव आधीच चढले आहेत, बाहेरचे खरेदीदार केव्हाच येऊन गेले आहेत. उद्या तिथे बंगले होतील तेव्हा या गावांतला माणूस त्या बंगल्याचा शेजारी असेल की माळी, याचे उत्तर आराखड्यात शोधावे लागते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि सूचना-हरकती मागवल्या गेल्या, तो महिना होता ऑक्टोबर २०२४. म्हणजे पाऊस थांबलेला, गवत पिवळे पडू लागलेले, सीझन सुरू होण्याच्या बेतात. मीही एक कागद घेऊन लिहायला बसलो. रस्त्याच्या रुंदीबद्दल, आरक्षणांबद्दल बरेच लिहिले आणि खोडले. शेवटी एवढेच उरले: ज्या उतारांवर बांधकामाला परवानगी द्यायचे योजिले आहे, तिथे अधिकाऱ्यांनी आषाढात येऊन चार दिवस राहावे, गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन ओढे पाहावेत. राहण्याची सोय होईल. झड्या बांधलेले एक घर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)